मोठी जोडी हातात आणि फ्लॉपवर वरचं पान: लिमिट होल्डेममध्ये पुढे काय?

दादर_डीलर

मंडळी, हा धागा फक्त लिमिट होल्डेमसाठी, म्हणजे ठरलेल्या बेटच्या पोकरसाठी: दोन पानं हातात, पाच टेबलावर सगळ्यांची सामाईक. नो-लिमिटचे हिशेब इथे आणू नका. तिकडे एका बेटमध्ये समोरची सगळी रास जाऊ शकते, इकडे बेट ठरलेली असते, आणि तेवढ्याने सगळे निर्णय बदलतात.

टेबल असं धरा: नऊ जण, २-४ चं लिमिट. फ्लॉपपर्यंत (टेबलावरची पहिली तीन पानं) बेट दोन चिप्सची, ती छोटी बेट; टर्न आणि रिव्हरला (चौथं आणि पाचवं पान) चारची, ती मोठी. फेरीत एक बेट आणि तीन रेज (बेट वाढवणं) झाल्या की कॅप, पुढे वाढवता येत नाही. खेळ नुसत्या चिप्सचा, पैसा नाही. १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आणि २०२५ मध्ये ऑनलाइन पैशाच्या खेळांवर आलेली बंदी सगळ्यांना माहीत आहे, त्यावर इथे वाद नको.

मुंबईतल्या घरगुती टेबलांवर बरेच जण तीन पत्तीतून आलेले असतात. त्यामुळे रेज झाली तरी चार-पाच जण फ्लॉप बघतात आणि एक्का हातात असला की पान सहसा फेकलं जात नाही. अशा टेबलावर राजा, राणी किंवा गुलामाची जोडी घेऊन रेज केली आणि फ्लॉपवर वरचं पान पडलं की दोन टोकं दिसतात. एक गट "एक्का आला, संपलं" म्हणून पहिल्याच बेटला पॅक होतो. दुसरा "मोठी जोडी आहे, सोडायची कशी" म्हणत रिव्हरपर्यंत पैसे, म्हणजे चिप्स, भरत राहतो. दोन्हींत चिप्स जातात. कधी धरायचं, कधी सोडायचं, याचा हिशेब कसा करता ते आकड्यांसकट लिहा.

मोजूनमापून

आधी आकडे. "नेमका तेव्हाच एक्का कसा येतो" ही तक्रार त्यातच निकालात निघते.

दोन राजे हातात असताना फ्लॉपवर निदान एक एक्का येण्याची शक्यता २२.६ टक्के. राणीच्या जोडीला एक्का किंवा राजा दिसण्याची ४१.४ टक्के. गुलामांना ५७, दश्शीच्या जोडीला ६९.५. म्हणजे गुलाम घेऊन रेज करताना निम्म्याहून जास्त वेळा वरचं पान येणार हे धरूनच बसायचं. आणि फ्लॉपवर आपलंच तिसरं पान पडण्याची शक्यता ११.८ टक्के, म्हणजे साधारण साडेआठात एकदा.

आता दुसरा प्रश्न. हातात राजे, फ्लॉपवर एकच एक्का. समोर कुणाकडे एक्का आहे का? पानं निव्वळ नशिबाने वाटलेली धरली तर एका विरोधकाकडे तो असण्याची शक्यता १२.५ टक्के, दोघांत २३.९, तिघांत ३४.३, चौघांत ४३.६. पण हे आकडे तळ समजा. रेजला कॉल करून (तेवढंच भरून) आत आलेली माणसं पानं निवडून आलेली असतात, आणि दादर_डीलर म्हणतात तसं त्या निवडीत एक्का सगळ्यात वर. चौघे आत असतील तर मी एक्का बाहेर आहे असंच धरून चालतो आणि तो नसल्याचा पुरावा शोधतो. समोर एकच जण असेल तर उलट.

तिसरा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. समोर एक्क्याची जोडी झाली असेल तर आपल्याला वाचवणारी दोनच पानं उरतात, टर्न आणि रिव्हर मिळून ८.८ टक्के. आपण पुढे असू आणि समोर खालची जोडी असेल तर त्याला वाचवणारी पाच पानं असतात, २१.२ टक्के. म्हणजे मागे असलो तर जवळजवळ मेलेलो, आणि पुढे असलो तरी पाचात एकदा हरतो. त्यामुळे गप्प बसून फुकट पान देणंही महाग, आणि आंधळेपणाने रेज करत राहणंही.

नव्वी_सत्ती

एक प्रश्न. दोन पानं उरली असली तरी सेट (तीन सारखी पानं) लागला तर पॉट, म्हणजे मधली रास, मोठा मिळतो. मग फ्लॉपची एक छोटी बेट भरून बघायला काय हरकत आहे?

मोजूनमापून

हरकत भावाची आहे. न दिसलेली ४७ पानं, त्यांतली दोन आपली. न लागणारी ४५ ला लागणारी २, म्हणजे साडेबावीसास एक. पाच जणांनी दोन-दोन छोट्या बेट टाकल्या असतील तर पॉट दहाचा. पुढच्याने बेट केली, एकाने कॉल केला, की तुम्हाला एक भरून बारा, म्हणजे बाराला एक मिळतात. सेट लागल्यावर पुढच्या दोन फेऱ्यांत आणखी तीन मोठ्या बेट, म्हणजे सहा छोट्या, मिळतील असं धरा. झाले अठरा. साडेबावीसला पोचत नाही. शिवाय तुमच्या मागे कुणी बसलं असेल तर त्याची रेज येऊ शकते, मग तेही गेलं. बेट आणि रेज होऊन तुमच्यापर्यंत आली असेल तर विचारच करू नका, तेराला दोन म्हणजे साडेसहाला एक.

अपवाद एकच. फ्लॉपआधी पाच जणांनी कॅप केलेला पॉट. तिथे आधीच वीस छोट्या बेट पडलेल्या असतात. एक बेट, दोन कॉल आणि तुम्ही शेवटचे, म्हणजे तेवीसला एक. तिथे कॉल बरोबर. पण तेव्हाही बघा की आपली दोन्ही पानं स्वच्छ आहेत का. फ्लॉपवर दोन बदाम असतील तर बदामचा राजा आपला सेट करतो आणि दुसऱ्याचा फ्लश (एका रंगाची पाच पानं).

इस्पिकराणी

आकडे बरोबर, पण या टेबलावर निम्मा निर्णय खुर्चीवर ठरतो. बेट कुणी केली यापेक्षा ती कुठून आली हे आधी बघते मी.

हा डाव घ्या. पहिल्याने नुसता कॉल केला, तुम्ही मधल्या जागेवरून राणीच्या जोडीने रेज केली, बटणाने (फ्लॉपनंतर शेवटी बोलणाऱ्याने) कॉल, बिग ब्लाइंडने (पानं बघण्याआधीच एक बेट भरणाऱ्याने) कॉल, पहिल्यानेही कॉल. चौघे, पॉट साडेआठ छोट्या बेट (अर्धी पान टाकलेल्या स्मॉल ब्लाइंडची). फ्लॉप राजा-अठ्ठी-तिर्री, तीन वेगळे रंग.

प्रसंग पहिला: बिग ब्लाइंड चेक (बेट न करता पुढे), तुमच्या उजव्या हाताचा बेट करतो. इथे नुसता कॉल करणं ही सगळ्यात वाईट चाल. तुम्ही कॉल केलात तर बटणाला साडेदहाला एक मिळतात. पाच पानांच्या माणसाला लागतात ४२ ला ५, म्हणजे ८.४ ला एक. तो हसत कॉल करेल आणि त्याचं बरोबरच असेल. तुम्ही रेज केलीत तर त्याच्यासमोर दोन बेट येतात आणि पॉट साडेअकरा, म्हणजे पावणेसहाला एक. आता अठ्ठी-सत्तीवाल्याचा कॉल चुकीचा. तो गेला तर तुमची राणी फक्त एका माणसाशी लढते. राजा नसलेला बेटवालाही या रेजनंतर टर्नला चेक करतो आणि तुम्हाला निवड मिळते.

प्रसंग दुसरा: सगळे तुमच्यापर्यंत चेक करतात. बेट करा. दोघांनी राजा असूनही चेक केलं असेल असं होतं, पण रोज होत नाही. इथे चेक करून तिघांना फुकट पान देण्यासारखं नुकसान नाही.

प्रसंग तिसरा: बेट तुमची आणि रेज बटणाची. यावर मोजूनमापून काकांनी लिहावं.

बोरिवली_फास्ट

तिसऱ्या प्रसंगात लिहायचं काय आहे? बटणाने रेज केली म्हणजे राजा आहे. पॅक. ज्याने आयुष्यात ब्लफ केला नाही त्याला पैसे देऊन खात्री का करून घ्यायची?

मोजूनमापून

"राजा आहे" असं म्हणू नका, कुठले हात आहेत ते मोजा. फ्लॉप राजा-अठ्ठी-तिर्री, तुमच्याकडे दोन राण्या.

तुमच्या पुढे असलेले हात: राजा-राणी ६ प्रकारे (तीन राजे, दोन राण्या उरल्या), एका रंगातले राजा-गुलाम ३, एका रंगातले राजा-दश्शी ३, अठ्ठीचा सेट ३, तिर्रीचा सेट ३. झाले १८. एक्का-राजा १२ प्रकारे, पण पुष्कळ जण तो फ्लॉपआधीच रीरेज (रेजवर पुन्हा रेज) करतात. तरी धरा, ३०.

तुमच्या मागे असलेले हात: गुलामांची जोडी ६, दश्शीची ६, नव्वीची ६, एका रंगातले एक्का-अठ्ठी ३. झाले २१. ही माणसं "रेज करून बघू, कुठे उभे आहोत" म्हणून फ्लॉपला रेज करतात. छोटी बेट आहे, स्वस्तात बातमी मिळते.

आता खर्च. पॉट साडेआठ, तुमची एक, त्याच्या दोन, साडेअकरा झाला. बाकीचे गेले असं धरा. शेवटपर्यंत नुसता कॉल करत गेलात तर एक, दोन, दोन, अशा पाच छोट्या बेट लागतात. शेवटी पॉट साडेवीस. ५ भागिले २०.५, म्हणजे २४.४ टक्के वेळा जिंकलात तरी बरोबरी.

बटणावरचा माणूस मधल्या जोड्या घेऊन नेहमी रेज करणारा असेल तर ५१ पैकी २१, म्हणजे ४१ टक्के वेळा तुम्ही पुढे आहात. निम्म्या वेळा करत असेल तर साडेचाळीसपैकी साडेदहा, २६ टक्के. तिथे उंबरठा आहे. कधीच करत नसेल तर बोरिवली_फास्ट म्हणतात ते शंभर टक्के बरोबर, पॅक. म्हणजे प्रश्न "राजा आहे का" हा नाही. हा माणूस मधल्या जोडीला रेज करतो का, हा आहे. आणि त्याचं उत्तर हा डाव सुरू होण्याआधी, स्वतः आत नसताना, टेबल बघून मिळवायचं असतं.

बोरिवली_फास्ट

पटलं. पण मग एक भर घाला. जो फ्लॉपला रेज करतो तो टर्नलाही बेट करतोच असं नाही. नव्वीच्या जोडीवाले बरेच जण टर्नला थंड होतात. त्यामुळे टर्नला मोठी बेट आली की मधल्या जोड्या बऱ्याच गळाल्या असं धरायचं. माझा नियम: संशय असेल तर फ्लॉपची छोटी बेट भरा आणि टर्नच्या चार चिप्सवर निर्णय घ्या. फ्लॉपला पॅक होणं आणि रिव्हरला पॅक होणं यांपेक्षा टर्नला पॅक होणं बहुतेक वेळा स्वस्त.

इस्पिकराणी

+१. रिव्हरला पॅक होणं तर जवळजवळ कधीच नको. याच डावात रिव्हरला त्याच्या बेटनंतर पॉट साडेअठरा आणि तुम्हाला भरायच्या दोन. दहातून एकदा बरोबर ठरलात तरी पुरे. एवढ्या पुढे येऊन "नक्की राजाच असेल" म्हणत पान टाकणं म्हणजे एका बेटसाठी सगळा पॉट सोडणं. लिमिटमध्ये चुकीच्या कॉलची किंमत एक बेट, चुकीच्या पॅकची किंमत पूर्ण पॉट.

अंधेरी_ब्लाइंड

दोघांचाच पॉट असेल तर? बटणावरून राणीच्या जोडीने रेज, फक्त बिग ब्लाइंड आत, फ्लॉप एक्का-सत्ती-दुर्री वेगवेगळ्या रंगांचे. तो चेक, आपण बेट, तो रेज.

मोजूनमापून

पॉट साडेचार, तुमची एक, त्याच्या दोन, साडेसात. पुढचा खर्च पाच, शेवटी साडेसोळा. ३०.३ टक्के लागतात. मघापेक्षा पॉट लहान, म्हणून उंबरठा वर गेला. पण दोघांतच खेळ असल्यावर समोरचे हातही कितीतरी सैल असतात: सत्तीची जोडी, खालच्या जोड्या, काहीच नसताना "याच्याकडे एक्का नसणार" म्हणून केलेली रेज. चपळ खेळाडूला शेवटपर्यंत कॉल करा. ज्याच्याकडे काही असल्याशिवाय चेक-रेज येत नाही, त्याला टर्नला सोडा.

चेक-रेज आली नाही, त्याने नुसता कॉल केला, तर अशा कोरड्या फ्लॉपवर टर्नला मागून चेक करायला मी मोकळा असतो. तो मागे असेल तर त्याच्याकडे दोन ते पाच पानं, पुढे असेल तर माझ्याकडे दोन. फुकट पानाचा धोका लहान आणि रिव्हरला त्याचा ब्लफ पकडायची संधी मोठी. चार जण असताना मात्र हे करू नका, तिथे प्रत्येकाची दोन-चार पानं मिळून डोंगर होतो.

जाता जाता: २०१५ मध्ये अल्बर्टा विद्यापीठाच्या गटाने सिफियस नावाच्या प्रोग्रामने दोघांचं लिमिट होल्डेम जवळजवळ पूर्ण सोडवल्याचं प्रसिद्ध केलं. त्यावरून निष्कर्ष काढायचे तर फक्त दोघांच्या डावाचे काढा. नऊ जणांच्या टेबलावर ते चिकटवू नका.

कांदिवली_कॅप

रीरेज झालेल्या पॉटचा मुद्दा राहिला. तिथेच लोक सगळ्यात लवकर घाबरतात.

तुमच्याकडे राजे, तुम्ही रेज केली, एकाने तिसरी बेट केली, तुम्ही कॉल केला (कॅप करायला हवी होती, पण ते असो), ब्लाइंड गेले. पॉट साडेसात. फ्लॉपवर एक्का आणि दोन लहान पानं. समोरचा घट्ट खेळतो, तिसरी बेट फक्त एक्के, राजे, राण्या, गुलाम, एक्का-राजा, एक्का-राणी यांवर करतो. मोजा: एक्क्याचा सेट ३, एक्का-राजा ६, एक्का-राणी १२, म्हणजे २१ पुढे. राण्या ६, गुलाम ६, म्हणजे १२ मागे. राजांची जोडी त्याच्याकडे असायची तर उरलेले दोन्ही राजे हवेत, १ प्रकार, बरोबरी, सोडून द्या. ३३ पैकी १२, ३६ टक्के. शेवटपर्यंतचा खर्च पाच, शेवटचा पॉट साडेसतरा, २८.६ टक्के लागतात. "घट्ट" माणसाविरुद्धही एक्का बघून फ्लॉपलाच पॅक होणं चूक. दश्शीची जोडीही रीरेज करत असेल तर ३९ पैकी १८, ४६ टक्के.

आता हेच राण्या घेऊन करा आणि फ्लॉपवर एक्का पडू द्या. एक्क्यांचा सेट ३, एक्का-राजा १२, एक्का-राणी ६, राजे ६, म्हणजे २७ पुढे. गुलाम ६ आणि तुमच्यासारख्याच राण्या १. उरलं काय? ३३ पैकी ६. तिथे पॅक. जोडी एकाच पायरीने खाली आली आणि उत्तर उलटलं, म्हणून "मोठी जोडी" असा एकच नियम करू नका.

नव्वी_सत्ती

हे वाचून वही काढली. आणखी एक: तिन्ही पानं एकाच रंगाची असतील तर?

इस्पिकराणी

तर आधी आपल्या जोडीचे रंग बघायचे. फ्लॉप बदामचे राजा-नव्वी-चौकी आणि तुमच्या राण्यांत बदामची राणी असेल तर तिच्यामुळे तुम्हाला फ्लशची पानं मिळतात. बदामचा एक्का बाहेर असला तर धोका, तरी खेळण्यासारखं. दोन्ही राण्या काळ्या असतील आणि चौघे आत असतील तर पहिल्या बेटला सोडा, राजा असो वा नसो.

एक बघण्याची गोष्ट. तीन बदाम पडल्यावर जो माणूस आपली पानं कोपऱ्यातून उचलून पुन्हा बघतो, त्याच्याकडे बहुधा एकच बदाम असतं आणि तो ते कुठलं हे तपासतो. दोन बदाम असलेल्याला आठवण करून घ्यावी लागत नाही. घरच्या टेबलावर हे भरपूर दिसतं, कारण कुणी लपवायची सवय लावून घेतलेली नसते.

कांदिवली_कॅप

रंगासारखंच सलग पानांचं. राण्या हातात, फ्लॉप एक्का-राजा-दश्शी: जोडी म्हणून मेलात, पण गुलाम पडला तर सगळ्यात मोठा स्ट्रेट. चार पानं, ४३ ला ४, पावणेअकराला एक. मोठ्या पॉटमध्ये एक बेट भरायला पुरतं. तिसरी राणी मात्र इथे आपली म्हणून मोजू नका, ती पडली की गुलामवाल्याचा स्ट्रेट होतो.

अंधेरी_ब्लाइंड

टर्नला रेज करून रिव्हरला चेक, ही चाल कुणी लिहिली नाही. जमते का या टेबलावर?

बोरिवली_फास्ट

शेवटची जागा आपली असेल तरच. टर्नला त्याने बेट केली, आपण रेज केली, तो कॉल करून रिव्हरला चेक, आपणही चेक. खर्च दोन मोठ्या बेट. टर्न-रिव्हर नुसता कॉल केला असता तरी दोनच. फरक असा की पाच पानांवर बसलेल्याला पान बघायला दुप्पट भरावं लागतं. त्याची तिसरी बेट आली तर पान टाकायचं, म्हणून ही चाल अशाच माणसावर करा ज्याची तिसरी बेट कधी खोटी नसते. चपळ माणूस ड्रॉवर (अजून पूर्ण न झालेल्या हातावर) तिसरी बेट करेल आणि तुम्ही जिंकणारं पान टाकाल. तीन पत्तीतून आलेले सैल पण बेट न करणारे खेळाडू असतील तर तिथे ही चाल हवीच कशाला, ते स्वतःहून बेट करत नाहीत. केली तर खरी असते.

दादर_डीलर

शेवटचा डाव टाकतो. तुम्ही बिग ब्लाइंड, हातात गुलाम. चौघांनी नुसता कॉल केला, स्मॉल ब्लाइंड गेला, तुम्ही रेज केली, सगळे आत. पॉट साडेदहा. फ्लॉप राणी-नव्वी-चौकी, दोन बदाम, तुमच्याकडे बदाम नाही. पहिली चाल तुमची.

इस्पिकराणी

सरळ बेट केलीत तर पुढच्याला साडेअकराला एक मिळतात, पाच पानंवाले सगळे बरोबर कॉल करतात. म्हणून चेक, पण एका अटीवर: बेट बटणाकडून किंवा त्याच्या शेजारून येईल असा चपळ खेळाडू तिथे बसलेला हवा. त्याने बेट केली की रेज करा. मधल्या तिघांसमोर दोन बेट, पॉट साडेतेरा, पावणेसातला एक. नव्वीवाल्यांनी आता पॅक व्हायला हवं. बदामवाले जाणार नाहीत, त्यांना ३८ ला ९ म्हणजे सव्वाचारला एकच लागतो, त्यांना जास्तीत जास्त भरायला लावणं एवढंच हातात.

बेट तुमच्या लगेच डावीकडून आली आणि दोघांनी कॉल केला तर रेज करून कुणी हलणार नाही, प्रत्येकाला आणखी एकच बेट भरायची असते. तेव्हा एक कॉल करा. टर्नला वरचं पान किंवा बदाम पडला, किंवा पुन्हा बेट आणि कॉल झाला, तर गुलाम टाका.

मागे कुणीच चपळ नसेल तर चेकच्या भानगडीत न पडता स्वतः बेट करा. सगळ्यांनी चेक करून चौघांना फुकट टर्न मिळणं हे या डावातलं सगळ्यात महाग पान आहे.